लिहायचे ते नेमके कोणासाठी?

मोजपट्टी (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात माझे नऊ वर्षांचे लेखन एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी हलवण्याची वेळ आली. हे काम आपोआप करून देणारी सोय होती, पण तिने जोडाक्षरांचे असे काही हाल केले की प्रत्येक नोंद उघडून, वाचून, दुरुस्त करून ठेवण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. नोंदी एकूण २१४ निघाल्या. इतके दिवस सुटे सुटे लिहिलेले ते सगळे मी पहिल्यांदाच सलग, चार रात्रींत वाचले. पहिल्या रात्री लक्षात आले ते असे की, यांतल्या काही नोंदी केवळ माफीच्या आहेत, आणि शेवटच्या रात्री मोजल्या तेव्हा त्या ३१ भरल्या. 'बऱ्याच दिवसांत लिहिणे झाले नाही, क्षमस्व', 'कामाच्या रगाड्यात इकडे फिरकता आले नाही', 'आता मात्र नियमित लिहीन', असा त्यांचा मजकूर. ही माफी मी कोणाची मागत होतो? माझ्या न लिहिण्यामुळे कोणाचे काही अडल्याचा एकही पुरावा त्या नऊ वर्षांत सापडत नाही.

आधी हसू आले आणि नंतर ते ओसरले. ब्लॉग म्हणून आपण जे लिहितो, म्हणजे स्वतःच लिहायचे, स्वतःच प्रसिद्ध करायचे, मानधन नाही, संपादक नाही, बहुतेक वेळा वाचकही नाहीत, त्याला अभिव्यक्ती म्हणावे, की हजेरीपटावर केलेली सही म्हणावे, हा प्रश्न माझ्यापुरता तरी खरा होता. त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी एक उद्योग केला. त्याच नऊ वर्षांत मी रोजनिशीही लिहीत होतो. ती कोणाला दाखवलेली नाही आणि दाखवणारही नाही. तिच्या वह्या काढल्या आणि दोन्ही प्रकारचे लेखन तारखेला तारीख लावून ताडून पाहिले.

रोजनिशीत एका मंगळवारी मी लिहिले आहे: 'आज पुन्हा तेच. आता मात्र स्पष्ट बोलायला हवे.' तेच म्हणजे काय, आणि स्पष्ट बोलायचे ते कोणाशी, हे मला आज कितीही डोके खाजवले तरी आठवत नाही. शाई गडद आहे, अक्षर दाबून काढलेले आहे, म्हणजे रागात होतो एवढे कळते. त्याच आठवड्यातली माझी जाहीर नोंद सायकलच्या चाकाचा आऊट घरच्या घरी कसा काढावा याविषयी आहे. चाक ज्या बाजूला लचकते त्या बाजूचे आरे किंचित सैल करायचे, समोरच्या बाजूचे किंचित आवळायचे, एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, असे तीत सविस्तर सांगितले आहे. ती नोंद वाचून मी आजही चाक सरळ करू शकेन. शिवाय मला पक्के आठवते की पाव फेराच का, हे लिहिताना मला सांगता आले नव्हते. लेखणी तिथे अडली, मी उठून चाकापाशी गेलो, मुद्दाम पूर्ण फेरा देऊन पाहिला आणि चाक दुसऱ्याच ठिकाणी लचकू लागल्यावर परत येऊन वाक्य पुरे केले.

माझे म्हणणे या फरकावर उभे आहे. रोजनिशीत मी माझ्याशी बोलतो आणि मला सगळे ठाऊक असते, त्यामुळे वाक्य अर्ध्यावर सोडले तरी त्या क्षणी चालते. जाहीर लिहिताना समोर एक परका माणूस बसलेला असतो. त्याला मी कोण, माझा राग कोणावर, माझे चाक कसले, यांतले काही माहीत नसते. तो प्रत्यक्षात येवो न येवो, त्याच्यासाठी म्हणून मला वाक्य पुरे करावे लागते, आणि ते पुरे करताना मला जे ठाऊक आहे असे वाटत होते ते ठाऊक नव्हते, हे उघडकीला येते. तेव्हा अशा लेखनाची किंमत ते किती जणांनी वाचले यावर ठरत नसून, ते परक्याने वाचावे अशा बेताने लिहिले गेले की नाही यावर ठरते, असे मला वाटू लागले आहे. हे बरोबर आहे, की नऊ वर्षे वाया गेली नाहीत असे स्वतःला पटवण्यासाठी मी रचलेला हा बनाव आहे, ते तुम्ही सांगा.

साभार परत

मी आयुष्याची सव्वीस वर्षे इतरांनी लिहिलेले वाचण्यात, म्हणजे मुद्रितशोधनात, घालवली आहेत. त्यामुळे मोजपट्टी यांच्या परक्या माणसाशी माझी जुनी ओळख आहे. तो पूर्वी पगारावर असे. त्याला संपादक म्हणत.

माझे हे टोपणनाव उगीच घेतलेले नाही. बाविसाव्या वर्षी मी एक कथा एका मासिकाला पाठवली होती. ती 'साभार परत' आली. त्या काळी परत आलेल्या हस्तलिखितासोबत बहुधा छापील चिठ्ठी असे आणि तिच्यावर कोणाची सहीसुद्धा नसे. माझ्या कथेत मात्र सहाव्या पानावर एका परिच्छेदाच्या कडेला शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले होते: 'हे कोणाला सांगता आहात?' मी त्या चार शब्दांवर पाच वर्षे रागावून होतो. नंतर स्वतः प्रुफे वाचू लागलो तेव्हा कळले की तो परिच्छेद मी कथेतल्या एका माजी मित्राला ऐकू जावा म्हणून लिहिला होता. वाचकाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. हे मला दिसले नव्हते आणि एकट्याने लिहीत बसलो असतो तर कधी दिसलेही नसते.

माझा आक्षेप इथे आहे. मोजपट्टी ज्या परक्याला समोर बसवून लिहितात तो त्यांच्याच मनातला आहे, आणि मनातला परका फार सालस असतो. तो मधेच जांभई देत नाही, 'हे मागच्या पानावर येऊन गेले' असे म्हणत नाही, आणि तुमच्या सर्वांत आवडत्या वाक्यावर आडवी रेघही मारत नाही. चाकाचे ठीक आहे, कारण तिथे चाकच संपादकाचे काम करते आणि चूक केली की लचकून दाखवते. पण दुःखाविषयी, माणसांविषयी, राजकारणाविषयी लिहिताना असे लचकून दाखवणारे काही समोर नसते. तिथे मनातला परका आपल्याला हवी तशी मान डोलावतो.

आणि वर आकडे आहेत. कोणत्या नोंदीला किती जण आले हे दिसू लागले की तो सालस परकाही उठून जातो आणि त्याच्या जागी गर्दी येऊन बसते. माझ्या ओळखीतल्या एकाचे लेखन मी या दृष्टीने जवळून पाहिले आहे. झाडांविषयी अतिशय शांत आणि नेमके लिहिणारा माणूस. एकदा त्याने कोणाशी तरी झालेल्या भांडणाविषयी लिहिले, त्याला एरवीच्या कितीतरी पट वाचक मिळाले, आणि पुढच्या वर्षभरात त्याची झाडेही भांडखोर झाली.

गाठोडे

अभिव्यक्ती आणि लेखन एकच आहे असे धरून चर्चा चालली आहे, म्हणून एक आठवण करून द्यावीशी वाटते. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या कामाच्या ओघात जन्मल्या, मुलाने आणि आणखी एका नातलगाने त्या उतरवून घेतल्या, आणि पुस्तक १९५२ साली, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतरच्या वर्षी निघाले. त्यांनी कोणत्या परक्याला समोर बसवले होते? अभिव्यक्ती आधीच पुरी झालेली होती. लेखनाने केले ते एवढेच, की ती आपल्यापर्यंत पोहोचवली. तेव्हा लेखनाचा मोठेपणा जरा बेताने सांगावा.

तळटीप

हा प्रश्न नवा नाही आणि त्याची जुनी उत्तरेही पुष्कळ आहेत. अकराव्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या आरंभीच काव्याची सहा प्रयोजने एका श्लोकात सांगितली: यशासाठी, पैशासाठी, व्यवहारज्ञानासाठी, अशुभाच्या निवारणासाठी, तत्काळ मिळणाऱ्या परमानंदासाठी, आणि प्रियेने सांगावा तशा गोड उपदेशासाठी. ही यादी आपल्याला लावून पाहिली तर गंमत होते. पैसा पहिल्याच फेरीत बाद. यश म्हणावे तर घरच्यांनाही आपण लिहितो हे धड माहीत नसते. उपदेश आपण भरपूर करतो, पण प्रियेसारखा करतो असे कोणी म्हणणार नाही. उरते काय, तर आनंद, थोडेसे व्यवहारज्ञान, ज्यात ते चाक येईल, आणि 'शिवेतरक्षतये', म्हणजे जे शुभ नाही त्याचा नाश.

या शेवटच्या प्रयोजनाचे स्पष्टीकरण देताना मम्मट मयूर कवीचे नाव घेतो. मयूराने सूर्याची शंभर श्लोकांत स्तुती केली आणि त्याचे कुष्ठ गेले, अशी आख्यायिका आहे. मी ही गोष्ट कितीतरी वर्षे भाबडी समजत होतो. नंतर जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाविषयी वाचनात आले आणि मयूराकडे पुन्हा एकदा पाहावेसे वाटले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायला सांगितले होते, आणि काहींना अगदी किरकोळ विषय दिले होते. क्लेशाविषयी लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या बरे वाटले नाही, उलट अधिकच वाईट वाटले. परंतु ज्यांनी घडलेली घटना आणि त्या वेळची भावना या दोन्हींविषयी लिहिले, त्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांच्या मानाने कमी भरल्या. पुढे जगभर असे प्रयोग झाले. २००६ साली अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित पडताळा प्रसिद्ध झाला, आणि त्यातून निघालेला निष्कर्ष असा की परिणाम आहे, पण लहान आहे. कुष्ठ जाण्याइतका तर नाहीच.

आता मोजपट्टी यांच्यासाठी अडचणीची गोष्ट. त्या विद्यार्थ्यांचे कागद कोणा वाचकासाठी नव्हते. लिहिणाऱ्याचे नाव गुप्त राहील, मजकूर कोणाला दाखवला जाणार नाही, शुद्धलेखनाची काळजी करू नका, असे त्यांना सांगितले होते. म्हणजे लेखनाचा जो एक गुण मोजून सिद्ध झाला आहे, तो परक्याची अट न पाळता मिळालेला आहे. तुमच्या रोजनिशीची बाजू त्यामुळे वाटते तितकी कमकुवत नाही.

ओघात आणखी एक गोष्ट सांगतो, कारण कोणीतरी आता संस्कृत नाटककार भवभूतीला आणणारच. 'माझा समानधर्मा कधीतरी जन्माला येईल, काळ अनंत आहे आणि पृथ्वी विशाल आहे', हे वाचक न मिळालेल्या प्रत्येकाचे आवडते वचन. ते त्या श्लोकाचे उत्तरार्ध आहे. पूर्वार्धात भवभूती म्हणतो की जे लोक माझी अवहेलना करतात त्यांना काय ते कळत असेल, माझा हा खटाटोप त्यांच्यासाठी नाही. म्हणजे विशाल पृथ्वीकडे वळण्यापूर्वी त्याने आपल्या टीकाकारांचा नीट समाचार घेतला आहे. समानधर्म्याची वाट पाहणाऱ्याच्या मनातही साभार परत यांचा तो माजी मित्र बसलेला असतोच.

आडवाट

गुप्त रोजनिशी खरोखर कितपत गुप्त असते, याची मला शंका आहे. सॅम्युअल पेपिस या इंग्रज अधिकाऱ्याने १ जानेवारी १६६० पासून ३१ मे १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली. प्लेगची साथ आणि १६६६ ची लंडनची आग तीत रोजच्या रोज नोंदलेली आहे, आणि बायकोपासून लपवलेल्या भानगडीही आहेत. सगळे लघुलिपीत, आणि जिथे फारच लाज वाटली तिथे परभाषांची खिचडी. दृष्टी जाईल या भीतीने त्याने लिहिणे थांबवले. पुढे तो चौतीस वर्षे जगला आणि दृष्टीही गेली नाही. एवढी सावधगिरी बाळगणाऱ्याने त्या वह्या जाळून टाकायला हव्या होत्या, नाही का? त्याने त्यांचे सहा खंड बांधून घेतले, आपल्या ग्रंथसंग्रहात व्यवस्थित लावून ठेवले आणि तो सगळा संग्रह केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजला मिळेल अशी तजवीज केली. १८२५ साली त्यातला निवडक भाग छापून निघाला. कुलूप लावायचे आणि किल्ली ग्रंथालयात ठेवायची, असाच हा प्रकार झाला.

मोजपट्टी

तळटीप यांनी माझ्या म्हणण्यातला कच्चा दुवा नेमका धरला आहे. त्या प्रयोगांत वाचक नव्हता हे खरे आहे. पण त्याच संशोधनाची पुढची एक पायरी माझ्या बाजूची आहे. पेनेबेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नंतर त्या कागदांवरचे शब्दच मोजले. १९९७ साली त्यांनी मांडले ते असे की ज्यांच्या लेखनात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत 'कारण', 'त्यामुळे', 'आता कळते', 'लक्षात आले' या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांच्या प्रकृतीत अधिक सुधारणा दिसली. म्हणजे नुसते मोकळे होणे पुरत नाही, गोष्ट जुळावी लागते. मी म्हणतो तो परका नेमके हेच करायला लावतो. तो 'का?' असे विचारतो. त्या विद्यार्थ्यांना तो वाचकाच्या रूपात भेटला नसेल, पण चौथ्या दिवसापर्यंत त्यांतल्या काहींनी तो स्वतःच तयार केला असावा. माझ्या मंगळवारच्या नोंदीत 'कारण' हा शब्द नाही. उत्सुकतेपोटी त्या वर्षाची अख्खी वही चाळली, तर तो सात वेळा आला आहे आणि 'पुन्हा' हा शब्द मोजायचा मी मधेच सोडून दिला.

साभार परत यांचे म्हणणे मला अधिक झोंबले, कारण ते खरे आहे. माझा परका सालस आहे. फक्त एवढेच म्हणतो की सालस परका आणि कोणीच नसणे यांतही पुष्कळ अंतर आहे. गाठोडे, तुमचे म्हणणे पूर्ण मान्य. मात्र ज्याच्याजवळ ओवी नाही त्याने काय करावे?

साभार परत

अंतर आहे, हे मीही मान्य करतो, पण मग त्या परक्याला एकदाच बोलावून भागत नाही. सोळाव्या शतकातल्या फ्रेंच निबंधकार मॉन्तेनचेच पाहा. त्याने १५७१ च्या सुमारास कामाधामातून मोकळे होऊन स्वतःविषयी लिहायला घेतले, तेव्हा त्यालाही आजच्या अर्थाचा संपादक नव्हता. १५८० सालच्या पहिल्या आवृत्तीच्या आरंभी तो वाचकाला बजावतो की या पुस्तकाचा विषय मीच आहे, तेव्हा इतक्या फुटकळ विषयावर तुम्ही आपला फुरसतीचा वेळ घालवू नये. जाहीर आत्मलेखनाचा याहून प्रामाणिक परिचय मी वाचलेला नाही. पण तो तिथे थांबला नाही. १५८८ च्या आवृत्तीत त्याने जुन्या निबंधांत शेकडो भर घातल्या, आणि नंतर त्या छापील प्रतीच्या कोऱ्या कडा १५९२ मध्ये मरेपर्यंत हाताने लिहून भरल्या. ती प्रत आजही बोर्दोच्या ग्रंथालयात आहे. वीस वर्षांनी परत येणारा लेखक स्वतःलाच पुरेसा परका झालेला असतो, आणि तो सालस नसतो. पेन्सिल त्याच्या हातात असते.

आपण नेमके हेच करत नाही. तुम्ही २१४ नोंदी पहिल्यांदा सलग वाचल्या त्या कधी, तर जोडाक्षरे फुटली तेव्हा. ती फुटली नसती तर कधी वाचल्या असत्या? मला विचाराल तर त्या चार रात्री हेच तुमचे नऊ वर्षांतले खरे लेखन.

टीपकागद

मी तीन वर्षे लिहीत होते आणि आता लिहीत नाही. कारण सांगते, म्हणजे परक्या वाचकाविषयी चाललेल्या या चर्चेत जो वाचक राहून गेला आहे त्याच्याकडे लक्ष जाईल.

माझ्या वडिलांना हळूहळू ऐकू कमी येऊ लागले. ते यंत्र लावायला तयार नव्हते, आणि चारचौघांत आपले वैगुण्य कळू नये म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती. सगळे हसले की तेही हसत, पण एक क्षण उशिरा. डोळे आधी सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून फिरत आणि मग हसू येई. हे मला एका लग्नात दिसले आणि मी त्याच्यावर लिहिले. मोजपट्टी म्हणतात तसेच, परक्याला दिसावे म्हणून, प्रत्येक वाक्य पुरे करून लिहिले. त्या एका क्षणाच्या उशिराचे वर्णन मी पाच-सहा वेळा बदलले. मी आजवर लिहिलेल्यांतले ते सर्वांत चांगले लेखन होते असे मला अजूनही वाटते. अनोळखी माणसांनी तसे कळवलेही. एकीने लिहिले की तिला तिची आजी दिसली.

कोणीतरी कौतुकाने ते कागदावर छापून वडिलांना नेऊन दिले. त्यांनी ते वाचले असणार, कारण चार दिवस तो कागद त्यांच्या चष्म्याच्या घराखाली घडी करून ठेवलेला होता. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. पण त्यानंतर चारचौघांत ते हसायचे थांबले. लवकरही नाही आणि उशिराही नाही.

मी नाव घातले नव्हते, खोटे काही लिहिले नव्हते, उपहास केला नव्हता. साभार परत यांच्यासारख्या एखाद्या संपादकाने त्यातले एखादे विशेषण काढले असते, पण मूळ लेख नक्कीच छापला असता. हे लिहिणे सार्थ होते का, असे मला कोणी विचारले तर मला उत्तर देता येत नाही. त्या आजीवालीसाठी ते सार्थ होते. मी ती नोंद काढून टाकली, काही दिवसांनी पुन्हा लावली, आणि पुन्हा काढली. सध्या ती कुठेच नाही.

तळटीप

मम्मटाच्या सहा प्रयोजनांत ज्याच्याविषयी लिहिले जाते त्या माणसाला जागा नाही. मी इतकी वर्षे तो श्लोक उद्धृत करतो आहे, पण हे माझ्या आज ध्यानात आले.

आडवाट

टीपकागद, एक विचारू का? वाईट वाटून घेऊ नका. ते लिहिण्यापूर्वी तुम्ही वडिलांना त्याविषयी विचारले असते, तर ते लेखन झाले असते का?

टीपकागद

नसते झाले. विचारायचे म्हणजे त्यांना मोठ्याने विचारावे लागले असते, आणि त्या विषयावर मोठ्याने बोलणे आमच्या घरात शक्य नव्हते. लिहिले ते बहुधा त्याचमुळे. गाठोडे यांना ओवीतून जे साधते असे वाटते, ते मला त्या वेळी फक्त लिहूनच साधत होते. म्हणून मी चुकले असे सरळ म्हणता येत नाही, आणि चुकले नाही असेही म्हणवत नाही.

साभार परत

मी लिहिले होते की माणसांविषयी लिहिताना लचकून दाखवणारे काही समोर नसते. ते मागे घेतो. टीपकागद यांच्या समोर ते होते, फक्त लिहून झाल्यावर दिसले. आणि त्यांनी लिहिले ते खरे आहे. त्या लेखाचे प्रूफ माझ्याकडे आले असते तर मी वेलांट्या तपासून, फार तर एखादे विशेषण कमी सुचवून पुढे पाठवले असते.

मोजपट्टी

दोन दिवस उत्तर दिले नाही, कारण सुचत नव्हते. मी परक्याची इतकी तरफदारी केली, पण परका सोपा असतो, हे मला टीपकागद यांच्या लिहिण्यावरून कळले. त्याला कशाचे काही लागत नाही. त्याच्यासाठी वाक्य पुरे करताना आपण कधी कधी अशा माणसाच्या तोंडावर ते पुरे करतो, ज्याने ते अर्धे राहावे यासाठी बरीच खटपट केलेली असते. माझे मूळचे म्हणणे मी सोडत नाही, पण ते मांडताना माझी नजर चाकावर होती. चाकाला वडील नसतात.

दरम्यान साभार परत यांचे ऐकून मी पेन्सिल घेऊन पुन्हा बसलो. पहिले काम म्हणून त्या ३१ माफ्या काढून टाकायला घेतल्या. तीस निघाल्या. एकतिसावीत नेहमीच्या क्षमस्वनंतर दोन वाक्ये आणखी होती, आणि पहिल्या वाचनात ती माझ्या नजरेतून सुटली होती: 'दरम्यान आईची खोली रिकामी केली. त्याविषयी सवडीने लिहीन.' ती नोंद सहा वर्षांपूर्वीची आहे. त्याविषयी मी कुठेच लिहिलेले नाही. रोजनिशीत त्या तारखेला 'खोली झाली' एवढे दोन शब्द आहेत.

आता ते लिहावे असे मनात आहे. परक्यासाठी लिहायला बसलो तर मला आधी हे सांगावे लागेल की त्या खोलीत काय काय होते, म्हणून परवा रात्री फक्त यादी केली. सतरा वस्तू आठवल्या. त्यांतल्या निम्म्यांविषयी माझ्याकडे 'कारण' आहे आणि उरलेल्यांविषयी नाही. एरवी मी तसाच लिहीत सुटलो असतो. या वेळी यादी आधी धाकट्या भावाला पाठवली, कारण खोली आम्ही दोघांनी मिळून रिकामी केली होती आणि त्या दिवशी आमचे भांडण झाले होते. लिहू का, असे मी त्याला विचारलेले नाही. नुसती यादी पाठवली.

आज सकाळी ती परत आली. त्याने काही लिहिलेले नाही. शेवटी एक वस्तू वाढवली आहे.